खंदकावरचा झुलता पूल

विद्यार्थ्यांनो, खंदक, बुरूज, किल्ला आणि पूल हे शब्द तुम्हांला नवीन नाहीत. ते उर्दूतही आहेत. अरबी-फारसीतून ते मराठीत आले आणि इथलेच झाले. हे चारही एका ठिकाणी पाहायचे असतील, तर अहमदनगरला चला. २०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर आहे.

येथील भुईकोट किल्ल्याचा दगडी तट हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात बांधला. भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो, म्हणून तटाभोवती खोल खंदक आहे. खंदकावरची वाट रोखली, की शत्रू बाहेरच थांबे. १५९५ साली मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला. पुढे सुरुंगाने तटाला खिंडार पडले. तेव्हा चांदबिबी तलवार घेऊन स्वतः खिंडारापाशी उभी राहिली. तिने रातोरात तट बांधून घेतला.

१८०३ साली किल्ला इंग्रजांनी जिंकला. त्यांच्या अमदानीत खंदकावर झुलता पूल झाला. अशा पुलाला मध्ये खांब नसतात. दोन्ही काठांवर साखळ्या किंवा लोखंडी दोर पक्के बांधतात आणि चालण्याची वाट त्यांना टांगतात. माणूस चालू लागला, की पूल हलतो. पण भार दोन्ही काठ मिळून पेलतात. एक काठ सुटला, तर पूल राहत नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने राष्ट्रीय नेत्यांना या किल्ल्यात कैद केले. त्यांत पंडित नेहरू आणि मौलाना अबुल कलाम आझाद होते. आझादांची पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी पडल्या. सुटकेसाठी सरकारकडे अर्ज करण्यास मौलानांनी नकार दिला. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम वारल्या. पतिपत्नीची शेवटची भेट झाली नाही.

त्या दिवसांत मौलाना एका मित्राला पत्रे लिहीत. ती पाठवण्याची परवानगी नव्हती. १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या उर्दू पुस्तकात प्रसिद्ध झाली. कैद्याला जो खंदक ओलांडता आला नाही, तो त्याच्या शब्दांनी ओलांडला.

मुलांनो, भाषाही पुलासारखीच असते. तुमच्या एका काठावर उर्दू आहे, दुसऱ्यावर मराठी. दोन्ही काठ मजबूत ठेवा.

शब्दार्थ : भुईकोट – सपाट जमिनीवरचा किल्ला. खिंडार – भिंतीत पडलेले भगदाड. अमदानी – राजवट.

स्वाध्याय : १. झुलत्या पुलाचा भार कोण पेलते? २. मौलाना आझादांनी अर्ज का केला नसेल? तुमचे मत चार ओळींत लिहा.