छताचे पोपडे आणि आमचा धडा





पेठ तालुक्यातील आपल्या मुलींच्या वसतिगृहाचे छत रंगवल्याची बातमी आपण गेल्या वर्षी वाचली होती. पुढची हकिगत सांगायची राहिली होती. पहिल्याच पावसाळ्यात तो रंग सुटला. अंथरुणांवर, वह्यांवर, एकदा तर वरणाच्या पातेल्यात पोपडे पडले. काम माझ्या देखरेखीखाली झाले होते, त्यामुळे चूक माझीच.

जुने छत चकचकीत ऑइलपेंटचे होते. रात्री ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून डोळ्यांवर येई आणि स्लॅबचे उंचवटे उठून दिसत, म्हणून मॅट रंग ठरवला. तो घाईने थेट जुन्या रंगावर दिला. ऑइलपेंटचा थर काचेसारखा गुळगुळीत असतो. पाण्यात कालवलेला रंग त्यात मुरत नाही, नुसता वर बसतो. त्यात काजळी आणि तेलकटपणा होताच. पावसाळी दमट हवेत थर सुटला.

या उन्हाळ्यात मुली गावी गेल्यावर सारे पुन्हा केले. ते क्रमाने सांगतो.

१. आधी गळती. छतावर पिवळसर डाग असतील तर प्रथम गच्ची दुरुस्त करावी आणि स्लॅब पूर्ण वाळू द्यावा. ओल्या छतावर कोणताच रंग टिकत नाही.

२. शिशाची काळजी. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि ते वाढत्या मुलांच्या मेंदूला अपाय करते. आमचा रंग पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा. म्हणून कोरडे घासायचे नाही, मशीन लावायचे नाही, रंग जाळून काढायचा नाही. मुले व गरोदर स्त्रिया दूर ठेवाव्यात. काम मोठ्यांनीच, एन-९५ मास्क व चष्मा लावून करावे.

३. खरवडणे आणि धुणे. मेन स्विच बंद करून पंखे उतरवले, जमिनीवर प्लास्टिक अंथरले. सुटलेला रंग पाणी शिंपडत पुट्टीच्या पट्टीने काढला. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, रबरी हातमोजे घालून छत पुसले आणि साध्या पाण्याने दोनदा धुतले. सोडा राहिला तर नवा रंग धरत नाही.

४. चकाकी मोडणे. १८० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सगळे छत घासले. जुना रंग पूर्ण काढायचा नसतो, फक्त त्याची चकाकी मारायची असते. बॅटरी तिरपी धरली की राहिलेले चकचकीत ठिपके दिसतात. निघालेला लगदा ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधला. तो शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

५. प्रायमर आणि रंग. छत वाळल्यावर सॉल्व्हंट प्रायमरचा एक हात दिला, खिडक्या उघड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी भेगांत पुट्टी भरली, वाळल्यावर ती घासून त्या जागी पुन्हा प्रायमर लावला. मग मॅट इमल्शनचे दोन हात. स्वयंपाकघराचे छत मात्र ऑइलपेंटचेच ठेवले, कारण ते पुसता येते.

सगळे छत रंगवण्याआधी एक चौरस फूट रंगवून पाहिले. दोन दिवसांनी तिथे ब्लेडने फुली मारली, चिकटपट्टी घट्ट दाबली आणि झटक्यात ओढली. पट्टीला रंग आला नाही, तेव्हाच पुढचा डबा उघडला. गेल्या वर्षी ही एक पट्टी ओढली असती तर आपल्या देणगीतला पैसा वाचला असता.

रंगाला दोन दिवस लागले, तयारीला सहा. पहिल्या वेळी हेच सहा दिवस मी वाचवायला गेलो होतो.

आता पावसाळा सरला आहे. परवा गेलो तेव्हा जेवणाच्या पंगतीत बसून मी सवयीने वर पाहिले. शेजारची चौथीतली मुलगी हसून म्हणाली, "आता नाही पडत, काका. जेवा."