उंदीर पडले, तर सल्ला कोणाचा?

भाताची कणगी भरली, की उंदीर आलाच. नागावच्या वाडीत तर भात, सुपारी, नारळ, सगळे त्याच्या आवडीचे. आपण पिंजरा लावतो, चार शिव्या देतो आणि विसरून जातो. पण याच उंदराने एके काळी साऱ्या मुंबई इलाख्याला रडवले होते. तेव्हा सरकारने जाणत्यांच्या समित्या नेमल्या. त्यांतली एक चुकली, दुसरीने खरे कारण शोधून काढले. ती हकिगत या पाठात वाचू.

आधी एक शब्द समजून घेऊ. सल्लागार समिती. साथीच्या रोगासाठी अशी समिती नेमतात, तेव्हा तिच्यात रोगाचे डॉक्टर, जंतू तपासणारे, आकडे मांडणारे असे लोक घेतात. ही समिती हुकूम काढीत नाही. समितीने सांगायचे आणि सरकारने करायचे. हा फरक ध्यानात ठेवा.

साल १८९६. मुंबईत मांडवी भागात धान्याची मोठमोठी कोठारे होती. तिथे माणसांना जोराचा ताप येऊ लागला. काखेत, जांघेत गाठ यायची आणि चार-सहा दिवसांत माणूस जायचा. गोव्याकडचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर महिन्यात हा रोग ओळखला. हा प्लेग आहे, असे त्यांनी उघड सांगितले. मग काय विचारता! लोक मुंबई सोडून पळू लागले. कोणी आगगाडीने, कोणी आगबोटीने, कोणी पायी. आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला.

सरकार घाबरले. घरे औषधाच्या पाण्याने धुतली, गटारे धुतली, भिंतींना चुना लावला. तरी प्लेग हटेना. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड नावाच्या साहेबाच्या हाताखाली प्लेग समिती बसली. नाव समितीचेच, पण ती सल्ला देणारी नव्हती, हुकूम चालवणारी होती. गोरे शिपाई घराघरांत शिरले. देवघर पाहिले नाही, स्वयंपाकघर पाहिले नाही. बायामाणसांची लाज राखली नाही. लोक आजारी माणूस लपवू लागले. लपवल्याने रोग आणखी पसरला. त्या वर्षीच्या जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि तो मेला. त्याच साली मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. एकीकडे बंदूक घेतलेला शिपाई आणि एकीकडे रोग्याला उचलून नेणारी म्हातारी बाई. लोकांनी कोणाचे ऐकले असते, ते सांगायला हवे का?

आता समितीकडे वळू. १८९८ साली सरकारने पाच जणांचे एक कमिशन नेमले. त्याचे प्रमुख फ्रेझर नावाचे विलायतेतले प्राध्यापक. हे लोक देशभर फिरले, शेकडो साक्षी घेतल्या, जाडजूड अहवाल लिहिला. हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली होती आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. ती लस उपयोगी आहे, असे कमिशनने मान्य केले. हे बरोबर झाले.

पण एक मोठी गोष्ट त्यांच्या हातून सुटली. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत एक प्रयोग केला होता. त्याने काचेच्या बरणीत प्लेगचा उंदीर ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा, निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता. तरी दुसऱ्यालाही प्लेग झाला. म्हणजे रोग पिसवेने नेला. कमिशनने हे मानले नाही. मोठी माणसे होती, विद्वान होती, तरी चुकली. आमच्या मते त्यांचा दोष अज्ञानाचा नव्हता. जे म्हणणे पटत नाही, तेही एकदा करून पाहावे, ते त्यांनी केले नाही.

मग १९०५ साली नवी सल्लागार समिती झाली. तिच्यावर भारताचा कारभार पाहणारे विलायतेतले खाते, तिथली रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांची माणसे होती. या समितीने नुसत्या साक्षी घेतल्या नाहीत. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत कामाला माणसे बसवली.

त्यांनी काय केले, ते नीट पाहा. एका खोलीत प्लेगच्या पिसवा होत्या. तिथे गिनीपिग नावाचे उंदरासारखे प्राणी पिंजऱ्यांत ठेवले. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंच उंच. दुसरा दोन फूट उंच. हवा तीच, खोली तीच. दोन इंचांवरच्यांना प्लेग झाला. दोन फुटांवरचे सुखरूप राहिले. का? कारण उंदराच्या पिसवेची उडी पाचेक इंचांचीच असते! रोग हवेतून येत असता, तर दोन फुटांवरच्यांनाही झाला असता. पिसवा नसलेल्या खोलीत तर रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र राहिले, एकत्र खाल्ले, तरी रोग पसरला नाही. इतका साधा पुरावा, पण त्यापुढे सगळा वाद संपला.

यावरून कामाची एक गोष्ट निघाली. उंदीर मेला, की त्याचे अंग थंड पडते. पिसवा त्याला सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. ते अंग आपले असते. म्हणून प्लेगच्या गावात आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर. उलटे केले, तर आपणच पिसवांना माणसांवर सोडल्यासारखे होते. हे कोणाला घरबसल्या सुचेल? यासाठी जाणता माणूस लागतो.

हे सारे जुने झाले, असे समजू नका. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर पडू लागले. पिसवांनी लोक हैराण झाले. सप्टेंबरमध्ये माणसांना गाठी आल्या. त्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. हा प्रकार खोकल्यातून माणसाकडून माणसाला होतो. सुरतेतून लाखो लोक पळाले. डॉक्टरांतच वाद लागला. कोणी म्हणे प्लेग, कोणी म्हणे दुसरेच काही. तेव्हा केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या हाताखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने नमुने तपासले, गावे पाहिली आणि हा प्लेगच आहे, असा निर्वाळा दिला. पुढे जंतूंच्या आणखी बारीक तपासणीतही तेच निघाले. आता प्लेगवर औषधे आहेत. लवकर दिली, तर माणूस वाचतो.

पण दिल्लीत बसलेल्या समितीला नागावच्या माळ्यावर मेलेला उंदीर दिसत नाही. तो आपल्यालाच दिसतो. एखादा मेला, तर घाबरायचे कारण नाही. विष खाऊनही उंदीर मरतो. पण विष घातले नसताना चार घरी एकदम उंदीर पडू लागले, तर गप्प बसू नका. हात लावू नका, पोराला शेपटी धरून फेकायला सांगू नका. आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात त्याच दिवशी सांगा. कोणाला ताप येऊन गाठ आली, तर त्याला लपवू नका, डॉक्टरकडे न्या. भातलावणीच्या दिवसांत उंदराच्या मुतातून लेप्टोचा तापही येतो, तो वेगळा. पायाला जखम असेल, तर चिखलात उतरू नका, उतरावेच लागले तर ती झाकून उतरा.

आणि आरोग्य खात्याचा माणूस फवारणीला दारात आला, तर त्याला जरूर विचारा, "हे कशासाठी? कोणी सांगितले?" विचारण्यात लाज नाही. त्याला सांगता आले पाहिजे. त्याने सांगितले आणि पटले, की माळ्यावरची सुपारी खाली उतरवा, कणगी झाका आणि त्याला घरात येऊ द्या.