नाव पुसलं, ओळख उरली!

'एआय' हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस आता उजाडत नाही. बी.ई.च्या प्रोजेक्टची यादी काढून बघा. दोन-तीन ग्रुप तरी 'एक्स-रेवरून रोगनिदान' नाहीतर 'डोळ्याच्या फोटोवरून मधुमेह' यावर काम करत असतात. मॉडेल कुठलं वापरलं, ॲक्युरसी किती आली, यावर एक्स्टर्नलसमोर पंधरा मिनिटं सहज बोलता येतं. पण तो डेटा कुणाचा होता? आणि "सर, नावं काढून टाकली आहेत" या आपल्या ठरलेल्या उत्तराचा नेमका अर्थ काय? हा प्रश्न व्हायवात सहसा येत नाही. म्हणून या लेखात तेवढ्याच एका प्रश्नाचा अभ्यास करू.

सुरुवात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यापासून करावी लागते, कारण या विषयाचं पहिलं प्रसिद्ध उदाहरण तिथलं आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या ग्रुप इन्शुरन्स कमिशन या सरकारी संस्थेने राज्याचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय, अशा सुमारे १ लाख ३५ हजार लोकांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधकांना दिल्या. हेतू चांगलाच होता. नाव आणि पत्ता काढून टाकला होता. पण जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि झिप कोड (म्हणजे आपला पिन कोड) हे तीन कॉलम तसेच राहिले. त्यावेळी एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली. त्या यादीत नाव होतं, पत्ता होता आणि तेच तीन कॉलमही होते. पुढचं काय ते तुम्हाला डीबीएमएसच्या पहिल्या-दुसऱ्या प्रॅक्टिकललाच शिकवलेलं आहे : जॉइन! राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजला राहत. त्यांची जन्मतारीख असलेले मतदार शहरात सहा निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडमध्ये राहणारा फक्त एक. खुद्द गव्हर्नरचे आजार, तपासण्या आणि औषधं एका क्वेरीत बाहेर!

स्वीनीबाईंनी पुढे २००० मध्ये १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला की अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकमेव ठरतात. २००६ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा ६३ टक्के आला. कमी झाला खरा, पण निम्म्याहून अधिकच!

आता हेच गणित आपल्याकडे लावून पाहू. कागद-पेन्सिल घ्या. वर्षाचे ३६५ दिवस, साधारण ८० वर्षांचं आयुष्य आणि दोन लिंगं, म्हणजे ३६५ × ८० × २ = ५८,४०० खोकी. देशात सुमारे १९ हजार पिन कोड आणि १४० कोटी माणसं. म्हणजे एका पिन कोडात सरासरी ७३-७४ हजार माणसं. एका खोक्यात सरासरी सव्वा माणूस! पॉयसनचं सूत्र लावलं तर आपल्या खोक्यात आपण एकटेच असण्याची शक्यता येते २८ टक्क्यांच्या आसपास. (वयं सारखी वाटलेली नसतात हे कबूल. म्हातारी माणसं कमी, म्हणून ती लवकर सापडतात.) जन्मतारखेऐवजी नुसतं वय ठेवलं तर खोकी १६० उरतात आणि प्रत्येकात साडेचारशेच्या वर माणसं येतात. वाटतं, चला, सुटलो! पण पिन कोडाऐवजी गावाचं नाव असेल तर? दीड हजार वस्तीच्या गावात एका खोक्यात नऊ-दहा जण. त्यात 'व्यवसाय' हा एक कॉलम आणि 'दवाखान्यात आल्याची तारीख' हा दुसरा कॉलम जोडा. खोक्यात एकच जण उरतो, आणि तो कोण हे शोधायला संगणकही लागत नाही. गावातल्या पारावर बसलेला कुणीही सांगेल.

हे सगळं कळलं म्हणून असं बिघडतं तरी काय, असं कुणी म्हणेल. इथे क्षयरोगाचं, म्हणजे टीबीचं उदाहरण घेऊ. जगातल्या टीबीच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्याकडे २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, आणि ती 'निक्षय' नावाच्या पोर्टलवर होते. २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. पैसे द्यायचे तर नाव, खातं आणि आधार लागणारच. साधारण सहा महिने औषध सुटता कामा नये म्हणून आशाताई घरी येणार, तर पत्ताही लागणार. म्हणजे उपचारासाठी नाव हवंच, त्याला इलाज नाही. पण टीबी हा अजूनही लपवायचा आजार आहे. मुलीला टीबी झाला होता हे कळलं तर जमलेलं लग्न मोडतं, भाड्याची खोली सोडावी लागते, कामावरून काढलं जातं. ज्याला ही भीती वाटते तो तपासणीला येतच नाही. तो खोकत राहतो आणि घरातल्या चौघांना देतो. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने गोपनीयतेची किंमत इथे कळते. रजिस्टर फुटलं तर नुकसान एका रुग्णाचं होत नाही, पुढचे दहा रुग्ण रजिस्टरपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून दोन वापर वेगळे धरायला हवेत. औषध देण्यासाठी लागणारी नोंद हा एक वापर. त्याच नोंदी संशोधनाला, डॅशबोर्डला आणि मॉडेल शिकवायला देणं हा दुसरा. आपला, म्हणजे इंजिनिअरचा, संबंध बहुतेक वेळा दुसऱ्याशी येतो.

या दुसऱ्या वापरासाठी कोणते उपाय निघाले ते आता पाहू. पहिला उपाय 'के-ॲनॉनिमिटी'. १९९८ ते २००२ या काळात स्वीनी आणि पिएरांजेला सामाराती यांनी तो मांडला. कल्पना सोपी आहे : टेबलातली कुठलीही ओळ ओळखीच्या कॉलमांपुरती निदान 'के' जणांशी तंतोतंत जुळली पाहिजे. के बरोबर ५ हवा असेल तर वय ३४ ऐवजी '३० ते ३९' लिहायचं, गावाऐवजी तालुका लिहायचा, आणि तरीही जी ओळ एकटी पडते ती काढून टाकायची. पण यातली फट पाहा. ३० ते ३९ वयाच्या, त्या तालुक्यातल्या पाचही बायकांना टीबीच असेल तर? पाचांतली कोणती ते कळलं नाही तरी आजार कळलाच! ही फट बुजवायला २००६ मध्ये 'एल-डायव्हर्सिटी' आली. गटातल्या आजारांतही विविधता हवी, ही तिची अट. मग तिच्यातही फटी सापडल्या. असो, हा उंदीर-मांजराचा खेळ लांबचा आहे.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण तो नाण्यावर चालतो. समजा, परीक्षेत कॉपी किती जण करतात हे वर्गात विचारायचं आहे. खरं कोण सांगणार? मग प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं. काटा आला तर पुन्हा उडवायचं आणि छापा आला तर 'हो', काटा आला तर 'नाही' म्हणायचं. आता कुणी 'हो' म्हणालं तरी त्याला धरता येत नाही, नाण्यामुळे म्हणालो असं तो सांगू शकतो. तरीही एकूण आकडा काढता येतो. खरे कॉपीवाले 'प' असतील तर 'हो' म्हणणारे प/२ + १/४ एवढे येतात. शंभरातले ४० 'हो' म्हणाले तर प बरोबर ०.३०, म्हणजे तीस जण! ही युक्ती वॉर्नर यांनी १९६५ मध्येच सुचवली होती. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी याच धर्तीवर 'डिफरेन्शियल प्रायव्हसी'चं पक्कं गणित उभं केलं. त्यात बाहेर देण्याच्या आकड्यात मोजूनमापून गोंगाट मिसळतात. किती मिसळायचा हे एप्सिलॉन नावाची संख्या ठरवते. एप्सिलॉन जितका लहान तितका गोंगाट जास्त आणि गुप्तताही जास्त.

इथे खरी अडचण सुरू होते. एप्सिलॉन ०.१ घेतला तर रुग्णसंख्येच्या आकड्यात साधारण १४ चं प्रमाण विचलन येतं. तालुक्यात ४०० रुग्ण असतील तर १४ इकडे-तिकडे झाले तरी कुणाचं काही अडत नाही. पण एखाद्या वाडीत दोनच रुग्ण असतील तर त्या आकड्याला अर्थच उरत नाही. आणि आरोग्य खात्याला शोध नेमका त्याच वाडीचा असतो! जिथे माणसं थोडी, तिथे लपवणं कठीण आणि मोजणंही कठीण. या दोन्हींतून सुटका करणारं सूत्र अजून कुणी काढलेलं नाही. माझ्या मते वाडीचा आकडा जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याच्या टेबलावर खरा असावा आणि जाहीर डॅशबोर्डवर तो मुळीच नसावा. एवढा साधा भेदही कितीतरी ठिकाणी पाळला जात नाही.

आतापर्यंत आपण टेबलांबद्दल बोललो. एआयचं पोट मात्र चित्रांवर भरतं, आणि चित्रातून नाव पुसणं आणखी अवघड. एक्स-रेच्या डायकॉम फाईलमध्ये चित्राआधी एक हेडर असतो आणि त्यात नाव, जन्मतारीख, तारीख-वेळ सगळं बसलेलं असतं. तो साफ केला तरी कोपऱ्यात छापलेली अक्षरं राहतात. तीही पुसली तर? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याचे एमआरआय घेतले, त्यांतून चेहरे उभे केले आणि बाजारात मिळणाऱ्या चेहरा ओळखण्याच्या सॉफ्टवेअरने ते फोटोंशी जुळवले. ८४ पैकी ७० जण बरोबर ओळखले गेले. नावाचा कॉलमच नव्हता, तरी चेहरा फाईलमध्येच होता!

मग परदेशात शिकलेलं तयार मॉडेल आणून वापरावं, आपला डेटा द्यायलाच नको, असं म्हणता येईल का? नाही, आणि त्याची कारणं नोंदलेली आहेत. २०१८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मॉडेल एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे जवळजवळ शंभर टक्के ओळखू शकत होतं. एका हॉस्पिटलच्या एक्स-रेंत न्यूमोनियाचं प्रमाण ३४ टक्के होतं, दुसरीकडे फक्त एक टक्क्याच्या आसपास. मग हॉस्पिटल ओळखलं की अर्धं उत्तर मिळालंच की! आपण पीवायक्यू बघून पेपर देतो, तसाच हा प्रकार. नव्या हॉस्पिटलमध्ये त्याचे मार्क घसरले यात नवल नाही. दुसरं उदाहरण थायलंडचं. डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहून मधुमेहाचा परिणाम ओळखणारी गूगलची प्रणाली तिथल्या ११ दवाखान्यांत वापरली गेली, आणि २०२० मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत हुशार ठरलेल्या या प्रणालीने १८३८ पैकी २१ टक्के फोटो 'दर्जा बरा नाही' म्हणून परत केले. कारण काय, तर खोलीत पुरेसा अंधार नव्हता! इंटरनेट मंद असलं की रांगही खोळंबायची.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये १५ वर्षांवरील लोकांच्या टीबी चाचपणीत एक्स-रे वाचायला अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनीही असं सॉफ्टवेअर बनवते. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्यात ही गोष्ट फार मोलाची आहे, याबद्दल वाद नाही. पण ती आपल्या माणसांवर चालते की नाही, हे आपल्याच माणसांच्या एक्स-रेवर तपासावं लागतं. म्हणजे डेटा द्यायला हवा आणि जपायलाही हवा.

यावर सध्या चर्चेत असलेला उपाय म्हणजे 'फेडरेटेड लर्निंग' : डेटा जागेवर, मॉडेल फिरतीवर! एक्स-रे दवाखान्याबाहेर जात नाहीत, मॉडेल तिथे येऊन शिकतं आणि फक्त बदललेले वेट्स घेऊन जातं. ऐकायला छान वाटतं. पण २०१९ मध्ये दाखवून दिलं गेलं की काही परिस्थितीत ग्रेडियंटवरूनही मूळ चित्र बरंचसं परत उभं करता येतं. शिवाय प्रत्येक ठिकाणी चांगलं मशीन, वीज आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या हॉस्पिटलला बरेच दिवस कागदावर काम करावं लागलं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या, मॉनिटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेल्या संगणकाबद्दल काय बोलावं!

कायद्याबद्दल थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही मिळाली पाहिजे, म्हणजे मराठीतही. साथीच्या काळात संमतीशिवाय डेटा वापरायला आणि अटी पाळून संशोधनाला कायद्यात सूट आहे. तेव्हा ती सूट घेणाऱ्याच्या हातातलं टेबल कसं आहे, यावर बरंच काही अवलंबून राहणार.

आता एक छोटं प्रॅक्टिकल. तुमच्या प्रोजेक्टचा डेटासेट उघडा. वय, लिंग, ठिकाण, तारीख असे बाहेरच्या कुणालाही माहीत असू शकतील ते कॉलम निवडा. त्यांवर ग्रुप-बाय लावून प्रत्येक गटात किती ओळी आल्या ते मोजा. सगळ्यांत लहान गटाचा आकडा हा तुमचा 'के'. सार्वजनिक डेटासेटवर तो पुष्कळदा १ येतो. मग वयाचे पट्टे करा, तारखेचा महिना करा, पुन्हा मोजा, आणि मॉडेलची ॲक्युरसी कितीने घसरली तेही पाहा. रिपोर्टमध्ये ॲक्युरसीच्या शेजारी एक कॉलम रिकामा ठेवून हा 'के' तिथे लिहा. एक्स्टर्नलने विचारलं नाही तरी चालेल.