एजंटाआधी सातबारा गाठा

नरसीत जागा घ्यायची म्हटली की चार जण एकाच माणसाचं नाव सांगतात. "त्याला भेटा, इथले सगळे व्यवहार त्याच्याच हातून होतात." त्या माणसाने मला काय अनुभव दिला, ते लिहिते आहे. नाव लिहीत नाही. पण "बाई फार किरकिऱ्या होत्या, म्हणून सौदा फिसकटला" असं त्याने गावभर सांगत फिरावं आणि मी गप्प बसावं, हे होणार नाही.

नरसीच्या जागांना भाव का आलाय, हे हिंगोली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. नामदेव महाराजांचं गाव, परतवारीच्या एकादशीला लोटणारे वारकरी, महाराजांची पदं गुरू ग्रंथसाहिबात असल्याने पंजाबातून येणारे भाविक, आणि वर विकास आराखड्याची चर्चा. एजंटाने त्यात शक्तिपीठ महामार्गही जोडला. "ताई, आज घेतली तर घेतली, पुढच्या वर्षी हात लागायचा नाही." हा महामार्ग पवनारहून पत्रादेवीला जायचा आहे आणि आपल्या जिल्ह्यात कळमनुरी-वसमतच्या बाजूने त्याची आखणी आहे, हे मी बोलून दाखवलं. त्यावर तो नुसता हसला.

मला दोन गुंठे हवे होते. घरापुरते, बाकी काही नाही. त्याने रस्त्यालगतचं एक शेत दाखवलं, चुन्याच्या रेघा मारलेलं. अकृषिक (एनए) परवानगी आहे का, विचारलं, तर म्हणाला, "होऊन जाईल." शेताचे लहान तुकडे विकायला अटकाव करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात दोन गुंठ्यांची खरेदी कशी बसते, विचारलं, तर उत्तर तयार होतं. दहा जणांनी मिळून वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लावायची आणि जागा आपापसात वाटून घ्यायची. आपल्याकडे अशी खरेदीखतं किती तरी झालीत आणि ती करणारे आज एकमेकांच्या सह्यांसाठी वणवण फिरताहेत. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "तुमच्यापुरतं एनए करून देतो, शेतकरी आपलाच माणूस हाय."

टोकनाचा चेक त्याने स्वतःच्या नावाने मागितला. शेतकऱ्याचं खातं कर्जात आहे, पैसे पडले की बँक कापून घेते, असं कारण दिलं. मी चेक दिला, पण पावतीवर गट नंबर, रक्कम आणि "व्यवहार न झाल्यास संपूर्ण परत" हे शब्द त्याच्याच हाताने लिहून घेतले. तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. नंतर त्याच कागदाने मला तारलं.

सातबाऱ्याची झेरॉक्स त्याने आधीच दिली होती. नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, वर "भोगवटादार वर्ग 1". पण कागद उजव्या बाजूला आखूड होता. सातबाऱ्यावर उजवीकडे "कुळ, खंड व इतर अधिकार" असा रकाना असतो, त्याची नुसती कड दिसत होती. मी महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढला. त्या रकान्यात शेतकऱ्याच्या दोन बहिणींची नावं होती, खाली बँकेचा बोजा होता, आणि त्याखाली स्पष्ट लिहिलं होतं, "प्रलंबित फेरफार: होय". झेरॉक्स आणि हा कागद मी शेजारी ठेवून पाहिले. झेरॉक्स काढताना कागद बरोबर त्या रेघेवर दुमडलेला होता. मशीन चुकून इतकं नेमकं कापत नाही.

मग मी शेतकऱ्याला गाठलं. "थेट बोलू नका, तो बिथरतो, भाव चढवतो," असं एजंटाने मला बजावून ठेवलं होतं. सोयाबीनच्या कडेला उभं राहून आम्ही बोललो. मी भाव सांगितला तसा तो गप्पच झाला. एजंटाने त्याला गुंठ्यामागे तीस हजार कमी सांगितले होते. माझ्या पन्नास हजारांच्या टोकनातले पंधरा हजारच त्याच्या हाती पडले होते. बहिणींचं विचारलं तर म्हणाला, "त्यांच्या सह्या बाकी हायेत, ते मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मला सगळ्यात लागलं ते हे. एजंटाला माहीत होतं. माहीत असूनच कागद दुमडला होता. माझ्यासमोर शेतकरी लोभी आणि शेतकऱ्यासमोर मी घासाघीस करणारी शहरातली बाई, अशी दोन सोंगं उभी करून मधले पैसे खायचे, एवढाच त्याचा धंदा.

जाब विचारला तेव्हा आधी "ताई, तुम्ही फार चिकित्सा करता" झालं. मग "इथं असंच चालतं" झालं. शेवटी फोन उचलणं बंद. वकिलाची नोटीस गेल्यावर पैसे तुकड्यातुकड्यांनी आले, तेही "धावपळीचा खर्च" कापून. कसली धावपळ? कागद दुमडण्याची?

आता ज्यांना आपल्या भागात जागा घ्यायची आहे, त्यांनी एवढं करावं.

एजंटाचा महारेरा क्रमांक मागा. 2016च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातली जागा विकायला मदत करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, आणि महारेराने आता त्यांना प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली आहे. क्रमांक 'ए'ने सुरू होतो आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. विनानोंदणी काम केल्यास दिवसाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पाचशे चौरस मीटरच्या वरचं प्लॉटिंग असेल तर खुद्द प्रकल्पाचीही नोंदणी लागते, तो क्रमांक 'पी'ने सुरू होतो. मात्र एखादं शेत किंवा जुनं घर सुटं विकलं जातं, तिथे हे छत्र मिळत नाही. नरसीसारख्या गावातले बहुतेक व्यवहार त्यातलेच. म्हणून पुढचं जास्त महत्त्वाचं.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार स्वतः काढा. एजंटाने दिलेली झेरॉक्स फक्त गट नंबर पाहण्यापुरती. इतर अधिकारांचा रकाना अक्षर न् अक्षर वाचा. बहिणींची नावं तिथे असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. "त्यांनी तोंडी सोडलंय" याला काही अर्थ नाही.

मराठवाड्यात नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका. आपण निजामाच्या राज्यातले. 1954-55चं खासरा पत्रक आणि जुनी पहाणी पत्रकं तहसीलमधून नक्कल मागून पाहा. जमीन खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली इनामी निघाली, तर सरकारी परवानगीशिवाय केलेली खरेदी टिकत नाही. देवस्थानाच्या गावात ही शंका आधी घ्यायची. कुळाच्या जमिनीला 1950चा हैदराबाद कूळकायदा लागतो, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्याची आडकाठीही त्याच कायद्यात आहे. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेले नियम इथे जसेच्या तसे लावू नका.

पैसे मालकाच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन. मालकाच्या खात्यावर बोजा असेल तर मालक, बँक आणि तुम्ही मिळून मार्ग काढा. एजंटाचं खातं हा मार्ग नाही. कमिशन किती, कुणाकडून आणि कधी, हे आधी कागदावर घ्या. ते खरेदीखताच्या दिवशी द्या, त्याआधी एक रुपया नको. आणि पहिल्याच भेटीत म्हणा, "मालकाला समोर बसवा, भाव त्याच्या तोंडून ऐकू द्या." जो एजंट टाळाटाळ करेल, त्याचं काय चाललंय ते कळलंच.

वकील स्वतःचा करा, एजंटाने सुचवलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, पेपरात जाहीर प्रगटन द्या. शेताची मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्या, चुन्याच्या रेघांवर जाऊ नका. बाँडवर नोटरी करून जागा तुमची होत नाही, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावं लागतं. घाई करू नका, घरच्यांना विचारा, हे सगळे सांगतातच, मीही सांगते.

प्रामाणिक मध्यस्थ नसतातच असं नाही. हिंगोलीत एकाने मला बसवून पाऊण तास फेरफार समजावून सांगितला आणि "ही जागा घेऊ नका" म्हणून एक रुपया न घेता परत पाठवलं. पण त्याच्याकडे जा म्हणून चार जण सांगत नाहीत. गावात नाव होतं ते व्यवहार "करून देणाऱ्याचं", मग तो कसा का करून देईना.

मला जागा अजून घ्यायची आहे, आणि नरसीतच घ्यायची आहे. त्या शेतकऱ्याच्या बहिणींच्या सह्या झाल्या आणि एनएचा आदेश हातात पडला तर तीच घेईन, त्याच्याशी थेट बोलून. एजंटाला त्यात काही मिळणार नाही. तो किरकिरी म्हणतो, म्हणू दे. तुम्हालाही म्हणेल. ऐकून घ्या आणि सातबाऱ्याचा उजवा रकाना वाचत राहा.