सुबक आलेखाची पारख

अंकीय मॉड्युलेशन म्हणजे 0 आणि 1 या बिटांनुसार वाहक लहरीचा आयाम, वारंवारता किंवा कला बदलण्याचे तंत्र; अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्याची ओळख आता पुष्कळदा संगणकावरील सिम्युलेशनमधूनच होते. चिमूरसारख्या गावी घरी बसून सराव करणाऱ्यालाही ऑक्टेव्ह किंवा आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने महाविद्यालयांत रुजविलेले सायलॅब यांसारखे सॉफ्टवेअर विनाशुल्क वापरता येते, ही मोठीच सोय आहे. मात्र किटवर वायर चुकीची जोडली की ऑसिलोस्कोपवर ते बहुधा लगेच दिसते, तर संगणक चुकीच्या गणितातूनही सुबक आलेख काढून देतो, आणि जर्नलमधील बहुतेक घोटाळे या सुबकपणाआड दडतात, असा प्रयोगशाळेतला अनुभव आहे.

सर्वांत जास्त आढळणारा घोटाळा नॉईजच्या मापाचा असतो. बीपीएसकेमध्ये, म्हणजे बिट बदलला की लहरीची कला 180 अंशांनी उलटविण्याच्या पद्धतीत, एका बिटासाठी 8 नमुने घेतले तर बिटाची ऊर्जा त्या आठही नमुन्यांत मिळून असते. पण विद्यार्थी एकाच नमुन्याची ऊर्जा धरून नॉईज मिसळतो, ग्राहकाकडे (रिसीव्हरकडे) आठही नमुन्यांची बेरीज होते, आणि त्रुटी-दराचा आलेख सिद्धांतापेक्षा सुमारे 9 डेसिबलने सरस निघतो. असा निकाल हाती आला की प्रोग्रॅम उत्तम जमला असे समजू नये. आदर्श ग्राहकासाठी काढलेल्या सैद्धांतिक रेषेच्या पुढे कोणताही प्रोग्रॅम जाऊ शकत नाही, म्हणून ती रेषा त्याच आलेखावर आधी काढून घ्यावी.

दुसरा घोटाळा बिटांच्या संख्येचा. प्रतिबिट ऊर्जा आणि नॉईजची घनता यांचे गुणोत्तर 9.6 डेसिबल असताना बीपीएसकेत साधारण 1 लाख बिटांमागे एक बिट चुकतो; तेथे 10 हजार बिट पाठवून ‘त्रुटी शून्य’ असे लिहिणे म्हणजे मोजमाप झालेलेच नाही. निदान 100 चुका मोजल्या जाव्यात, म्हणजे या बिंदूपाशी सुमारे 1 कोटी बिट लागतात. जुन्या लॅपटॉपची मेमरी अपुरी पडू नये यासाठी एकेक लाखाचे हप्ते करून चुकांची बेरीज पुढे नेत जावी.

हे सगळे बिनचूक साधले तरी तो आलेख केवळ स्थिर मार्गावरील नॉईजचा असतो. चिमूरकडून कोलारा प्रवेशद्वाराच्या दिशेने, ताडोब्याच्या साग-बांबूच्या रानात सिग्नल झाडांवर आदळून अनेक वाटांनी पोहोचतो आणि त्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी मारतात. या चढउताराला फेडिंग म्हणतात. थेट वाट मुळीच नसलेल्या रॅले प्रकारच्या फेडिंगमध्ये वरच्याच त्रुटी-दरासाठी, त्रुटीसुधारक संकेत किंवा एकाहून अधिक अँटेना नसतील तर, 9.6 ऐवजी सरासरी 44 डेसिबल लागतात. 4जीचा टॉवर सिग्नल क्षीण होताच एका चिन्हात 6 बिट नेणाऱ्या 64-क्वॅमवरून 2 बिट नेणाऱ्या क्यूपीएसकेवर उतरतो, त्यामागचे कारण विद्यार्थ्याला येथे आकड्यांतून कळते. म्हणून फेडिंगचा प्रयोग ऐच्छिक ठेवू नये. जर्नल तपासणाऱ्या शिक्षकांना विनंती एवढीच की आलेखाच्या प्रत्येक बिंदूपाशी पाठविलेले बिट आणि मोजलेल्या चुका नोंदविलेल्या नसतील, तर त्या पानावर सही करू नये.