भाराखालील सेलची परीक्षा

गेल्या आषाढात एका संध्याकाळी जादा तास संपता संपता वीज गेली. बाहेर पावसाने झोड उठविली होती. आमच्या शाळेपासून बसथांब्यापर्यंतची वाट शेताच्या बांधावरून जाते. म्हणून प्रयोगशाळेतील विजेरी हाती घेऊन आम्ही काही मुलींना पोहोचवावयास निघालो. विजेरीतील दोन्ही पेन्सिल सेल त्याच दिवशी सकाळी आम्ही स्वतः मल्टिमीटर लावून तपासले होते आणि वहीत '१.३१ व १.२९ व्होल्ट, उत्तम' असा शेराही लिहिला होता. पाच मिनिटांतच उजेड मंदावला आणि ओढ्यावरील साकव येण्यापूर्वीच विझला. उरलेली वाट एकमेकींचे हात धरून, पाय चाचपीत काढावी लागली.

मल्टिमीटराचा आकडा खरा होता. त्यावरून काढलेले आमचे अनुमान मात्र फसले. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. पुढे विज्ञानशिक्षकांपाशी बसून जे शिकलो, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

पुन्हा पुन्हा चार्ज होणारे हे सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइड जातीचे असतात. त्यांवर १.२ व्होल्ट असे छापलेले असते. चार्जरमधून नुकताच काढलेला सेल १.४ व्होल्टच्या आसपास दाखवितो. पुढे वापरात तो बराच काळ १.२ ते १.२५ च्या दरम्यान रेंगाळतो आणि अखेरीस १ व्होल्टकडे झपाट्याने घसरतो. पंचाईत अशी, की थकलेला सेलही काही वेळ स्वस्थ ठेवला असता त्याचा दाब पुन्हा १.२ च्या वर चढतो. गोठ्यात उभा असलेला बैल पाहून त्याची ताकद कळत नाही, गाडी जुंपावी लागते. तसेच हे आहे. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, आणि प्रवाह वाहू लागेपर्यंत तो आपले अस्तित्व कळू देत नाही.

या कामाला भारी किमतीचा मल्टिमीटर नको. अंक दाखविणारा, साडेतीन अंकी म्हणून विकला जाणारा साधा मल्टिमीटर पुरे. डी. सी. व्होल्टच्या घरांत २ व्होल्टचे (काहींवर २००० मिलिव्होल्ट असे लिहिलेले) घर आहे की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे. त्यावर व्होल्टचा हजारावा भाग वाचता येतो. काही मल्टिमीटरांवर सेल तपासण्याचे वेगळे घर असते. ते थोडासा भार टाकते खरे, पण तो आपल्या सेलचे पाणी जोखण्यास अपुरा असतो. असला स्वस्त मल्टिमीटर घरातील विजेच्या बोर्डाला मात्र लावू नये. शिवाय मल्टिमीटराच्या पोटातही एक सेल असतो. तो उतरला, की आकडे प्रमाणापेक्षा अधिक दिसू लागतात. परीक्षकच थकलेला असला म्हणजे गुण सढळ हाताने मिळतात!

आता प्रत्यक्ष कृती. ३.३ ओहमचा, २ वॉटचा एक रोधक घ्यावा. काळी तार 'कॉम'च्या छिद्रात व तांबडी व्होल्टच्या छिद्रात घालून प्रथम मोकळ्या सेलचा दाब नोंदवावा. मग रोधक सेलच्या दोन टोकांना जोडावा आणि दहा सेकंदांनी, मल्टिमीटराची टोके थेट सेललाच टेकवून, पुन्हा वाचावे. रोधकातून सुमारे ०.३८ अँपिअर प्रवाह वाहतो. तो ऊनही होतो, तेव्हा हातात धरून बसू नये.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. अँपिअरच्या घरावर फिरती कळ ठेवून मल्टिमीटर सरळ सेलला कधीही जोडू नये. त्या घराचा रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे सेलची दोन टोके तारेने जोडल्यासारखेच ते होते. फ्यूज जाईल, तारा तापतील. आणि मोबाइलमध्ये असतो तसा लिथियमचा सेल असेल, तर आगही लागू शकेल.

आमच्या पेटीत आठ सेल होते. मोकळेपणी सर्वांचे आकडे १.२९ ते १.३४ च्या दरम्यान, जणू एका आईची लेकरे! भाराखाली पाच सेल १.२५ च्या वर टिकले, दोन १.१५ च्या आसपास आले, आणि आम्ही 'उत्तम' ठरविलेला १.३१ चा सेल थेट ०.९८ वर उतरला. ०.३३ व्होल्टची ही घट ०.३० अँपिअर प्रवाहाने भागली असता अंतर्गत रोध सुमारे १.१ ओहम येतो. चांगल्या सेलचा तो ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी होता. असा दुबळा सेल सबळ सेलबरोबर एकाच विजेरीत घातला, तर तो आधी रिता होतो आणि सोबत्याचा प्रवाह त्यातून उलटा दाब निर्माण करून त्याला कायमचा निकामी करतो. जोडी समबळांचीच असावी.

धारकता पाहावयाची असेल, तर पूर्ण चार्ज केलेला सेल त्याच रोधकावर लावून दर अर्ध्या तासाने दाब लिहावा व १ व्होल्टला थांबावे. २००० मिलिअँपिअर-तास छापलेला सेल पाच तासांहून थोडा अधिक टिकावयास हवा. तीन तासांतच थांबला, तर त्याची धारकता ११०० च्या आसपास उरली असे समजावे. नववीच्या मुलांनी एका शनिवारी हे काम केले आणि प्रत्येक सेलवर क्रमांक व तारीख घातली.

०.९८ चा सेल केराच्या टोपलीत न टाकता ई-कचऱ्याच्या डब्यात गेला. विजेरीत सध्या क्रमांक तीन व क्रमांक पाच आहेत.