टेट्रिसचे आकर्षण आणि मनाचे शिक्षण

सन १९८४ मध्ये मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करीत असताना अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ हा खेळ तयार केला. त्यांच्या ‘एलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर चित्रे उमटत नसत. म्हणून ठोकळे कंसाच्या खुणांनी दाखवावे लागले. तरीही खेळणाऱ्यांना तो सोडवेना. अर्थात त्याचे आकर्षण रंगांत नसून रचनेत आहे.

प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार एकेक करून वरून खाली येतात. दहा घरांची आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. विखुरलेले नीट लावण्याची माणसाची ओढ येथे क्षणात पुरी होते. मात्र साधलेली ओळ पुसली जाते आणि चुकून राहिलेली फट डोळ्यांसमोर उरते. ती बुजविण्यासाठी पुढचा ठोकळा हवासा वाटतो. वेग वाढत जातो आणि ढीग माथ्याला टेकला की डाव संपतो. मूळ खेळात अंतिम विजय असा नाहीच. म्हणून ‘आणखी एक डाव’ ही इच्छा उरते. तथागतांनी दुःखाचे मूळ म्हणून सांगितलेल्या तृष्णेचे हे लहानसे प्रात्यक्षिकच होय.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात भिक्खूंना वर्ज्य असलेल्या खेळांत आठ व दहा घरांच्या पटांवरील खेळांचाही उल्लेख आहे. तो नियम बालकांसाठी नव्हे. परंतु खेळात मन कसे गुंतते, याची जाण किती प्राचीन आहे हे त्यावरून कळते.

एके काळी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वसतिगृहातील मुलांच्या पेट्यांतून ‘ब्रिक गेम’ निघत. आम्ही ते जप्त करून कपाटात ठेवले व कर्तव्य पार पडले असे मानले. तो का आवडतो, हे एकाही मुलाला विचारले नाही. आज तोच खेळ पालकांच्या मोबाईलमध्ये आहे. तेथे कपाटाची किल्ली चालत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. सुट्टीत मुलासोबत एक डाव खेळा. डाव संपताच मोबाईल खाली ठेवून, मनात काय उठले ते त्याला विचारा. ‘अजून एक’ ही इच्छा उठते, काही वेळ राहते आणि ओसरते, हे त्याचे त्याला पाहू द्या. आनापानसतीच्या तासाला श्वासाबाबत आम्ही हेच पाहावयास शिकवितो. त्या मुलांच्या शेजारी बसून हे पाहण्याची संधी आम्ही गमावली. आपण ती गमावू नये.